ताजं ते खरं

फोन शीतपट्टीवर ठेवला होता आणि तरीही तापत होता.

त्याच्या पाठीचं झाकण पुरीसारखं टम्म फुगून वर आलं होतं. पडदा तर गेल्या आठवड्यातच काळा पडला होता. फोनच्या एका कडेतून एक बारीक तार निघाली होती आणि ती टेबलावरच्या मोठ्या संगणकात शिरली होती. नाशिकच्या या स्मृतिविज्ञान केंद्रात एरवी दुपारी चहाच्या कपांचा खणखणाट असे. आज कोणाला चहाची आठवण नव्हती.

"दुपार निभावेल का हा?" शलाकाने विचारलं.

"निभावेल बहुतेक," सारंग ढवळे म्हणाला. सारंग केंद्राचा संगणकतज्ज्ञ. हा माणूस एरवी कोणाच्या बाराव्यालाही कोटी करायचा, पण आज सकाळपासून त्याने एकही विनोद केला नव्हता. शलाकाला त्या फुगलेल्या बॅटरीपेक्षा या गोष्टीचीच जास्त भीती वाटत होती.

काचेच्या भिंतीपलीकडच्या खोलीत तिचा नवरा, अभिराम, आरामखुर्चीत बसला होता. तो गवतांचा अभ्यासक. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर उगवणाऱ्या गवतांवर त्याचा जाडजूड ग्रंथ होता आणि त्यातली चित्रं शलाकाने काढली होती. त्याच्या उजव्या कानामागे, केसांत लपलेली, तांदळाएवढी एक चकती होती. त्याच्याकडे पाहून त्याला कोणी आजारी म्हटलं नसतं. पण त्याची गेली आठ वर्षं त्याच्या डोक्यात नव्हती. ती इथे, या टेबलावर, फुगत चाललेल्या फोनमध्ये होती.

"मला एकदा नीट समजून घेऊ द्या डॉक्टर," सारंग म्हणाला. "मी यंत्राचा माणूस. मेंदूत हात घालण्याआधी विचारलेलं बरं."

डॉ. रेहाना मुजावर यांनी चष्मा पुसला. आठ वर्षांपूर्वी अभिरामच्या कानामागे ती चकती त्यांनीच बसवली होती.

"अपघातापूर्वीचं सगळं त्यांच्या मेंदूत शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "शाळा, गवतं, आईच्या हातचं जेवण, सगळं. मोडलाय तो नवं आत नेणारा दरवाजा. आता काही घडलं की थोड्याच वेळात ते विरून जातं. म्हणून आपण स्मृतिसेतू बसवला. तो प्रत्येक घटनेचा सारांश काढतो आणि फोनमध्ये लिहून ठेवतो. त्याला आपण टिपण म्हणतो. पुढे गरज लागली की तेच टिपण तो उलटं मेंदूला देतो. त्यांना ते वाचल्यासारखं वाटत नाही, आठवल्यासारखं वाटतं."

"आणि फोन गेला तर?"

"आठ वर्षं गेली."

"त्यातली सहा माझी," शलाका म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणखी एक. सेतूला जागा पुरवून वापरावी लागते, त्यामुळे तो महाकंजूष आहे. एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा लिहीत नाही, नुसता जुन्या टिपणाचा क्रमांक टाकतो. शलाका म्हणजे कोण, हे त्याने एकदाच लिहिलंय. त्यानंतर तुम्ही भांडलात काय, गोव्याला गेलात काय, तिथे फक्त तो क्रमांक आहे. म्हणून सारंग, एकही टिपण गहाळ होता कामा नये. एक वीट काढलीत तर वरचा मजला नुसता लोंबकळेल."

सारंगने मान हलवली. मग तो शलाकाकडे वळला, कारण आता समजावून सांगायची पाळी त्याची होती.

"ताई, फोन आहे कवच प्रणालीचा. आपला संगणक पठार प्रणालीचा. या दोघांचं सासू-सुनेएवढं पटतं. पठार सगळ्यांना खुलं, आणि कवचवाल्यांनी आपली टिपणं परक्या यंत्राला कधी दिसूसुद्धा दिली नाहीत. गेल्या वर्षी कंपनी बुडाली. टिपणं जिथे साठायची ते तिचं दूरकोठार बंद झालं, दुरुस्तीची दुकानं बंद झाली, पण दाराचं कुलूप तेवढं मागे राहिलं."

"मग तुम्ही उघडणार कसं?"

"उघडणार नाही. सोंग घेणार. कवच नक्कल देत नाही, पण मेळ घालतं. एकाच मालकाची दोन कवच-यंत्रं असली की इकडची टिपणं तिकडे, तिकडची इकडे, आणि शेवटी दोन्हीकडे सारखंच. मी दुभाषी नावाचा कार्यक्रम लिहिलाय. तो आपल्या संगणकाला कवचाचा मुखवटा चढवतो. फोनला वाटतं, आपला भाऊच आला, आणि तो सगळं ओकतो."

"आणि दोन्हीकडे एकच टिपण वेगवेगळं निघालं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताजं ते खरं. हा कवचाचा कायदा. प्रत्येक टिपणावर कालमुद्रा असते. जिची मुद्रा नवी ते टिपण राहतं, जुनं पुसलं जातं, दोन्हीकडून. पण आपल्याला त्याची काय चिंता? फोन भरलेला आहे आणि संगणक कोरा. कोऱ्या पाटीशी कोण भांडणार?"

हे ऐकून शलाकाला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. सारंगने पठारावर नवं टिपणकोठार उघडलं. पडद्यावर एक स्वच्छ पांढरी चौकट आली. त्याने कीबोर्ड शलाकाकडे सरकवला. त्या सरकवण्यात सकाळपासून हरवलेला त्याचा मोकळेपणा थोडा परत आला होता.

"तुमच्या हातानं श्रीगणेशा होऊ दे ताई. काहीही लिहा. मराठी अक्षरं नीट उमटतात का तेही कळेल."

आता कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्याकडे माणूस दुसरं काय लिहितो? शलाकाने चित्रांच्या प्रत्येक नव्या वहीवर जे लिहिलं होतं, तेच लिहिलं.

श्री.

"लिहा, लिहा. बरकत येईल," डॉ. मुजावर हसून म्हणाल्या. मग त्या काचेपलीकडच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी अभिरामच्या कानामागची चकती बंद केली. मेळ चालू असताना सेतू बंदच ठेवावा लागणार होता.

"तुम्ही त्यांच्याजवळ बसा," बाहेर येऊन त्या शलाकाला म्हणाल्या. "घाबरतील. आणि काही विचारलं तर..."

शलाका आत गेली. अभिरामने मान वर केली आणि अनोळखी बाईकडे पाहून सभ्य माणूस हसतो तसा हसला. सहा वर्षांत हा हसण्याचा प्रकार तिच्या वाट्याला आला नव्हता.

"सिस्टर, हे हॉस्पिटल आहे का?"

"हो. तपासणी चालू आहे. बसा तुम्ही."

"माझी बायको कुठेय? हेमांगी. वकील आहे. आत्ता तर आम्ही घाटाखाली चहाला थांबलो होतो."

"येतील," शलाका म्हणाली.

"वाट पाहायला लावू नका हं तिला. तुमच्या संस्थेला नोटीस धाडेल." तो कौतुकाने हसला. मग खिडकीबाहेर पाहू लागला. जरा वेळाने पुन्हा वळला आणि तसाच सभ्यपणे हसला. "सिस्टर, हे हॉस्पिटल आहे का?"

शलाकाने पुन्हा उत्तर दिलं. आणि मग पुन्हा. हेमांगीला तिने कधी पाहिलं नव्हतं. फक्त एक फोटो पाहिला होता, आणि अभिरामच्या तोंडून ऐकलेले तिचे शब्द. जिभेला धार असलेली, कोर्टात न्यायाधीशांनाही हसवणारी बाई. शलाकाने तिचा कधी राग केला नव्हता. मेलेल्या माणसाचा राग काय करायचा? पण आज, नवरा आपल्याला सिस्टर म्हणतोय आणि तिची वाट पाहतोय, हे बघताना शलाकाला मनापासून मत्सर वाटला. मग त्या मत्सराची लाज वाटली.

काचेवर टकटक झाली. सारंग अंगठा दाखवत होता.

ती धावत बाहेर आली. पडद्यावर टिपणांची रांग भराभर खाली सरकून थांबली होती. त्याच क्षणी शीतपट्टीवरून 'फस्स' असा आवाज झाला, करपट वासाचा धूर निघाला, आणि सारंगने बाजूला भरून ठेवलेली वाळूची बादली फोनवर उपडी केली.

"गेला बिचारा," तो म्हणाला. "पण काम करून गेला. बघा डॉक्टर, जितकी टिपणं फोनवर होती, तेवढीच पठारावर. एक कमी नाही, एक जास्त नाही!"

शलाकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तशीच रडली. डॉक्टरांनी आत जाऊन चकतीला नवा पत्ता दिला, आणि चकतीने पठारावरून वाचायला सुरुवात केली.

अभिरामने डोळे मिटले. उघडले. काचेतून त्याला शलाका दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"तू बाहेर का उभी? जेवलीस का काही? सकाळी तसाच डबा टाकून निघालीस."

ती आत गेली आणि त्याच्या गळ्यात पडली. डॉक्टर आहेत, सारंग आहे, कशाचंही तिला भान नव्हतं. अभिराम संकोचून तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

डॉक्टरांनी तपासणी सुरू केली. पहिली भेट? आठवली. वनस्पतिसंग्रहालयात शलाका एका गवताचं कणीस उलटं काढत होती आणि त्याने तिला टोकलं होतं. ग्रंथाचं प्रकाशन? आठवलं, अध्यक्ष तासभर स्वतःबद्दलच बोलले. लग्न?

"नोंदणी कचेरीत," तो म्हणाला. "शलाकाचा भाऊ साक्षीदार होता. तिथलं पेन उमटेना म्हणून मी माझं दिलं. मग आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. आणि..."

तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं.

"हेमांगी आली नव्हती," तो म्हणाला.



"तिला बोलावलंच नव्हतं आपण. शलाका, आपण तिला सांगितलं होतं का?" त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "मी लग्न केलं. बायको असताना मी दुसरं लग्न केलं. असं कसं केलं मी?"

"अभिराम, तुम्हाला वर्षश्राद्ध आठवतं?" डॉक्टरांनी घाईघाईने विचारलं. "गोदावरीवर गेला होतात. तुमचे थोरले बंधू बरोबर होते."

"आठवतं ना. खीर केली होती. पिंड ठेवले होते." तो चाचपडत बोलत होता. "मी रडत होतो. पण कशासाठी? काहीतरी चांगलंच होतं ना ते? काहीतरी सुरू होत होतं. कुणाचं श्राद्ध होतं डॉक्टर?"

डॉक्टर ताठ उभ्या राहिल्या. "एक मिनिट हं. आलेच," म्हणून त्या बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून शलाका. काचेचं दार लावून घेतल्यावर त्या सारंगला म्हणाल्या, "पहिलं टिपण काढा. क्रमांक एक."

सारंगने काढलं. पडद्यावर एकच अक्षर होतं.

श्री.

 सारंगने कपाळावर हात मारून घेतला. "एक जास्त यायला हवं होतं. फोनची सगळी, अधिक ताईंचं हे एक. सारखीच आली म्हणून मी गाढवासारखा नाचलो. दोन्ही यंत्रं एकपासून मोजतात. दुभाष्याला वाटलं, दोन्हीकडे तेच टिपण आहे, मजकूर तेवढा वेगळा. आणि ताजं ते खरं. ताईंचं आजचं, फोनमधलं आठ वर्षांपूर्वीचं." त्याने खुर्ची मागे ढकलली. "गणपती करायला गेलो आणि माकड झालं."

"त्या पहिल्या टिपणात काय होतं?" शलाकाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं.

डॉ. मुजावर खुर्चीत बसल्या. "अपघातानंतर सेतू तयार व्हायला काही महिने गेले. तोवर ते रोज हेमांगीबद्दल विचारायचे. रोज आम्ही सांगायचो. रोज ते पहिल्यांदाच ऐकायचे. त्या माणसाला मी किती वेळा विधुर केलं, त्याची मोजदाद नाही. म्हणून सेतू चालू झाला त्या सकाळी मी ठरवलं, पहिली गोष्ट हीच लिहिली जाऊ दे. म्हणजे पुन्हा कधी कोणाला ती सांगावी लागणार नाही." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "त्यानंतरच्या प्रत्येक टिपणात, जिथे म्हणून तिचं जाणं आहे, तिथे सेतूने नुसता एकचा आकडा लिहिलाय. आता तो आकडा 'श्री'कडे नेतो."

माझ्या हाताने, शलाकाच्या मनात आलं. तिला पुसलं ते माझ्याच हाताने.

"मग तुम्ही पुन्हा लिहा ना!" ती सारंगवर जवळजवळ ओरडली. "पठार खुलं आहे म्हणालात. कीबोर्ड समोर आहे. लिहा, हेमांगी अपघातात गेली."

"आजची मुद्रा बसेल ताई."

"घड्याळ मागे करा."

"संगणकाचं करता येईल. पण सेतू कवचाचाच आहे आणि तो त्यांच्या डोक्यात आहे. एक क्रमांकाला आजची मुद्रा आहे हे त्याने पाहिलंय. तिच्यापेक्षा जुनी मुद्रा तो दारातसुद्धा उभी करणार नाही."

"मग श्री पुसून टाका!"

"पुसणं हीसुद्धा नोंदच असते. तिच्यावरही आजचीच मुद्रा. आणि फोनमधलं मूळ टिपण मेळ झाला त्याच क्षणी गेलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

शलाका हटली नाही. "बसू दे आजची मुद्रा. मजकुरात लिहा, आठ वर्षांपूर्वी गेली. तो हुशार आहे. समजेल त्याला."

"समजेल," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "इतिहासातल्या लढाईचं साल समजतं तसं समजेल. पण आपल्या आयुष्यात कशानंतर काय घडलं, हे माणूस सनावळीवरून ठरवत नाही. ते आतून जाणवतं. त्यांच्यात ते जाणवणं येतं मुद्रेवरून, मजकुरावरून नाही. मुद्रा आजची, तर ती आज गेली."

पुढचं वाक्य कोणालाच बोलायचं नव्हतं. शेवटी सारंग बोलला. "म्हणजे आधी लग्न, मग मरण."

"आणि तोंडाने सांगितलं तर?" शलाकाने विचारलं.

"त्याचंही टिपणच होणार. आजचंच. टंकून लिहा नाहीतर तोंडाने सांगा, तारीख बदलत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत. सांगायचं नाही, तर नवरा जिवंत बायकोची वाट पाहत बसणार, तिला शोधायला निघणार, आणि आपण तिला फसवलं म्हणून रोज झुरणार. सांगायचं, तर ती आपल्या दुसऱ्या लग्नानंतर गेली असं त्याला उरलेलं आयुष्य वाटत राहणार. काचेपलीकडे अभिराम उठून उभा राहिला होता. त्याने काचेवर हलकेच बोटं आपटली.

"आता सेतू चालू आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुम्ही चुकवलंत तर तेही लिहिलं जाईल. शलाका काहीतरी लपवतेय. एकदा लिहिलं गेलं की..."

"जाते मी," शलाका म्हणाली. "ही टंकून सांगायची गोष्ट नाही."

आत जाऊन तिने त्याचा हात धरला, त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्या समोर जमिनीवर बसली. शब्द जुळवायचे तिने ठरवलं होतं, पण तिथे बसल्यावर एकच वाक्य उरलं.

"अभिराम, हेमांगी गेली. तुमच्या गाडीला घाटात अपघात झाला, त्याच दिवशी. आठ वर्षं झाली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या हातातून हात काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तो रडला नाही. हे रडण्यापेक्षा वाईट होतं.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "बरोबर आहे. तू खोटं बोलणार नाहीस. हिशेब मला कळतोय शलाका. अपघात, मग सेतू, मग तू. मुलांना शिकवावा तसा मी तो मांडू शकतो." त्याने छातीवर मूठ ठेवली. "पण इथे ती आज गेलीय. आत्ता. आणि आपलं लग्न... ते आधीच झालंय. मला दिसतंय ना, आपण मिसळ खातोय आणि ती घरी आहे."

"नव्हती रे. तेव्हा ती नव्हती."

"माझ्या आठवणीत आहे." तो हे तक्रार म्हणून बोलत नव्हता. नमुना तपासताना काय दिसतंय ते सांगावं, तसं सांगत होता. "तू कितीही सांगितलंस तरी मला दिसतंय ते असं. मी समजून घेईन. रोज समजून घेईन. पण मला एकच गोष्ट सांग."

"विचार."

"तिला आपल्याबद्दल कळलं होतं का?"

शलाकाच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. नाही, हेच खरं होतं. मेलेल्या माणसाला कुठून कळणार? सरळ, स्वच्छ, शाळेत शिकवतात तसलं खरं. पण ते त्याच्या डोक्यात जाऊन काय होणार, हे तिला आता कळत होतं. हेमांगी काही न कळता गेली. आपण तिला शेवटपर्यंत फसवलं. आणि त्यावर आजची मुद्रा बसणार, आणि पुढचं प्रत्येक टिपण त्या क्रमांकाकडे बोट दाखवणार. त्यांची प्रत्येक दिवाळी, प्रत्येक भांडण, प्रत्येक सहल.

तिने काचेकडे पाहिलं. पलीकडे पडद्यावर तिचे शब्द उमटत होते आणि सारंग आणि डॉक्टर ते वाचत होते. डॉ. मुजावर यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"हो," शलाका म्हणाली. "कळलं होतं." हिशेबात हे बसत नव्हतं, पण त्याच्या आत हेमांगी लग्नानंतर गेली होती; तिथे ते बसणार होतं.

अभिराम पुढे वाकला. "कोणी सांगितलं?"

"मी. मीच गेले होते तिच्याकडे."

"चिडली असेल."

"नाही."

"मग काय म्हणाली?"

इथे शलाकाची खरी परीक्षा होती. हेमांगीला ती ओळखत नव्हती, आणि समोरचा माणूस हेमांगीला नखशिखांत ओळखत होता. अपघातापूर्वीचं सगळं त्याच्या मेंदूत शाबूत होतं: तिचा आवाज, तिचे टोमणे, तिची बोलण्याची ढब. 'सुखी राहा' असलं काही गुळमुळीत शलाकाने तिच्या तोंडी घातलं असतं, तर त्याने ते तिथल्या तिथे ओळखलं असतं. आणि मग दोघींवरचाही विश्वास उडाला असता. शलाकाने डोळे मिटले. त्या एका फोटोतली बाई तिने डोळ्यांसमोर आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला मनातल्या मनात हाक मारली. बाई गं, सांभाळून घे.

"म्हणाली," शलाका सावकाश म्हणाली, "'खुशाल घेऊन जा. पण दुकानातली पाटी वाचली आहेस ना? एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

अभिराम तिच्याकडे टक लावून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना.

मग त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता. खांदे गदगदेपर्यंत हसत होता, आणि हसता हसता ते हसू कधी मोडलं ते त्यालाही कळलं नाही. मांडीखालचे हात त्याने बाहेर काढले आणि शलाकाला घट्ट धरून तो मोठ्याने रडायला लागला.

"हेच म्हणणार ती," तो रडत रडत म्हणत होता. "अगदी हेच. माल म्हणाली मला!"

शलाका त्याला धरून राहिली. आपण खोटं बोललो, हे तिला माहीत होतं. आणि काचेपलीकडे त्याच वेळी ते खरं होत होतं, हेही माहीत होतं. आता हेमांगी आणि ती एकदा भेटल्या होत्या. कुठे, कधी, कोणती साडी नेसून, हे सगळं उद्या तो विचारणार होता, आणि शलाकाला ते जन्मभर न चुकता सांगावं लागणार होतं.

उद्यापर्यंत तो थांबला नाही. नाक पुसून, लाल डोळ्यांनी, लहान मुलासारखा तिच्याकडे पाहत त्याने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

शलाका जमिनीवरून उठली, दुसरी खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवून बसली, आणि सांगू लागली.